धुराचं बटण

६ मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद. आधी तक्रार, मग प्रेम.

तुझं पार्सल मिळालं. आत चार बटणं निघाली. माझ्या शर्टाला काजं पाच आहेत. मनुष्याने आयुष्यात पुष्कळ अन्याय सोसावेत, पण चार बटणांचा संच सोसू नये. तीन आली असती तर म्हटलं असतं, बहीण विसरभोळी आहे. पाच आली असती तर म्हटलं असतं, बहीण गुणी आहे. चार याचा अर्थ बहिणीने मोजली, आणि मोजून चुकली. जिवाणूशास्त्रातल्या विदुषीला पाचपर्यंत अंक येऊ नयेत आणि तरी तिच्या स्वाधीन तीन मजली टाकी असावी, याचा मी या पत्राद्वारे सविनय निषेध नोंदवतो.

खालच्या शिंप्याला वर बोलावून बटणं दाखवली. त्याने सवयीप्रमाणे एक दाताखाली धरून पाहिलं.

"हे कशाचं, मास्तर?"

"धुराचं."

"मग शर्ट वाफेचा शिवू का?"

तू चिठ्ठीत लिहिलं आहेस की शेजारच्या सिमेंटच्या भट्टीचा धूर खाऊन तुझ्या जिवाणूंनी हे प्लास्टिक केलं, आणि मातीत पुरलं तर ते तीन महिन्यांत विरून जातं. पहिलं विधान मी श्रद्धेने स्वीकारतो, कारण माझ्याकडे भट्टी नाही. दुसऱ्याला प्रमाण हवं, आणि माती माझ्याकडे आहे. जुन्या पोथ्यांच्या प्रती जुळवण्यात पंचवीस वर्षं गेलेल्या माणसाला नुसतं ऐकून काही खरं वाटत नाही. तेव्हा एक बटण आज खिडकीतल्या कुंडीत पुरलं आहे. त्या कुंडीतलं रोप गेल्या वर्षी माझ्या काळजीमुळे वारलं, त्यामुळे जागा रिकामी होती.

म्हणजे आता तीन उरली. शर्ट खुंटीवर आहे, आणि मीही. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले, लिफ्ट बंद पडून सात. चौथ्या मजल्यावरून जग फार सुंदर दिसतं. फक्त त्यात जाता येत नाही.

पाच बटणं पाठव. मोजून.

तुझा दादा


१५ मार्च

प्रिय दादा,

बटणं चारच होती कारण साच्यात चारच खाचे आहेत, पंडितमहाराज! पुढच्या वेळी दोनदा साचा दाबून पाच पाठवते आणि उरलेली तीन फिटरकाकांना देते. त्यांच्या कोटाला एकही नाही.

तू फोनवर विचारतोस "काय चाललंय?" आणि मी म्हणते "बरं चाललंय", कारण रविवारी पाच मिनिटं मिळतात आणि गेटवरचा पहारेकरी शेजारी बसून ऐकतो. एरवी फोन गेटवरच्या पेटीत. आत हायड्रोजन असतो, ठिणगी चालत नाही. म्हणून हे पत्र.

तर ऐक. माझ्या टाकीत भट्टीचा धूर येतो, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड, धुऊन पुसून. त्यात हायड्रोजन मिसळायचा. जिवाणू ते दोन्ही खातात, आणि माणसं जशी कमरेला चरबी साठवतात तसे पोटात पांढरे दाणे साठवतात. ते दाणे म्हणजे आमचं प्लास्टिक. मूळचे जिवाणू करतात ते ठिसूळ असतं. आम्ही त्यांच्यात आणखी दोन जनुकं घातली, त्यामुळे लवचिक होतं. एवढाच माझा पराक्रम, सहा वर्षांचा.

आता परीक्षा आहे. दोनशे दिवस टाकी न थांबता चालवून दाखवायची. आज चौतिसावा दिवस. अठ्ठावीस ऑगस्टला समिती येईल. पास झालो तर इथे मोठा कारखाना उभा राहील आणि आत्ताची नव्वद माणसं कायम होतील. थांबली टाकी, तर सगळं गुंडाळायचं. तोवर मी इथेच राहते, प्लांटच्या आवारात. खोलीला खिडकी आहे, पण ती टाकीच्या हॉलमध्ये उघडते. हॉलला दोन दारं, मध्ये एक चिंचोळी खोली. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, माझे जिवाणू बाहेर फिरायला जाऊ नयेत म्हणून. मी दिवसातून वीस वेळा त्या मधल्या खोलीत उभी असते. सवय झाली.

आणि हो, टाकीवर तुझा श्लोक चिकटवलाय. शाळेच्या पुस्तकातला, तू शोधून काढलेला. "झाकून ठेवलेला दिवा आधी झाकणच तापवतो." फिटरकाकांना अर्थ सांगितला तर म्हणाले, "तुमच्या भावाला व्हॉल्व्हमधलं कळतं की!"

गुडघा वाकव. डॉक्टर सांगतात तेवढा तरी.

तुझी ठमी


९ एप्रिल

चि. ठमीस,

परीक्षेचा निकाल. काल बटण उकरलं. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या आहेत, मधली दोन भोकं एकमेकांना भेटायला निघाली आहेत, आणि जाडी निम्मी. शिंप्याला दाखवलं. त्याने दात लावण्याचा विचार केला आणि सोडला. "म्हणजे धुवायला टाकला शर्ट, की बटण गेलं?" मी म्हटलं, धुण्यात नव्हे, मातीत जातं. तो म्हणाला, "मग मास्तर, शर्ट घालून मरू नका."

मी हरलो, हे लेखी देतो. बटण परत पुरलं आहे. जून उजाडेपर्यंत त्याला निरोप देऊ.

टाकीवरचा तो कागद मात्र काढ. श्लोक पुस्तकात असतो तेवढा पुरे. टाकीला वाङ्मयाची गरज नाही, आणि माझी फुकटची जाहिरात नको.

एक शंका पडली आहे. अडाण्याची म्हणून क्षमा कर. तुझे जिवाणू दुप्पट होतात ते स्वतःची नक्कल करूनच ना? मी उभा जन्म नकला करणाऱ्यांचं हस्ताक्षर वाचण्यात घालवला. पहिली दहा पानं माणूस देव होऊन लिहितो. शंभराव्या पानावर त्याला भूक लागते आणि एक ओळ गळते. पुढचा नक्कल करणारा त्या गळलेल्या ओळीसकट उतरवतो, आणि त्याचं काम एका ओळीने लवकर संपतं. अशा आळशी प्रतीच जास्त पसरतात. तुझी मंडळी दोनशे दिवस नकला करतात आणि कोणी काहीच गाळत नाही? तसं असेल तर त्यांतले चार मला पाठव, लेखनिक म्हणून ठेवतो.

बटणं पाच. आठवण आहे ना?

तुझा दादा


२ मे

प्रिय दादा,

सोबत पाच बटणं. मोजली आहेत.

तू विचारलंस त्याचं उत्तर: हो, चुकतात. दाणे करणं म्हणजे ओझं. ज्याच्याकडून आमची जनुकं गळतात तो रिकाम्या हाताने भराभर वाढतो, आणि काही दिवसांनी टाकीत तसेच जास्त होतात. असं झालं तर टाकी रिकामी करून, उकळून, गोठवून ठेवलेल्या मूळ कुपीतून पुन्हा सुरुवात करायची असते. पुस्तकात आहे हे सगळं. आमच्याकडे तसं काही नाही.

काम फार आहे. रविवारचा फोनही जमेलच असं नाही.

ही बटणं शर्टाला लाव. पुरू नकोस.

ठमी


११ जुलै

चि. ठमीस,

दहा आठवडे झाले, तुझं पत्र नाही. चार रविवार फोनही नाही. मी रुसायचं ठरवलं होतं, पण चौथ्या मजल्यावर रुसलेला माणूस कोणाला दिसत नाही, म्हणून बेत रद्द केला. नव्या मजकुरावर येतो.

पुरू नकोस म्हणालीस, म्हणून अर्थातच पुरलं. लहानपणी तुला "डबा उघडू नकोस" म्हटलं की काय व्हायचं ते आठव. रक्त एकच आहे. आठ मे रोजी नव्या पाचांतलं एक त्याच कुंडीत, पहिल्याच्या शेजारी, बोटभर अंतरावर. पहिलं बटण सहा जूनला पूर्ण नाहीसं झालं. बोटांनी सगळी माती चाळली, कणही नाही. नवं काल काढलं. नऊ आठवडे मातीत राहून ते असं बाहेर आलं की मला वाटलं मीच चुकून आज पुरलं. कडा शाबूत, भोकं जागच्या जागी, वर चमक. मी शिंप्याला म्हटलं, "माझ्या बहिणीच्या जिवाणूंना सिद्धी प्राप्त झाली आहे. आता ते अमर बटणं करतात."

शिंप्याने काडी ओढून त्याची कड जाळली आणि वास घेतला. "मेणबत्ती विझवल्यासारखा वास येतोय मास्तर. हे आपलं नेहमीचं प्लास्टिक. डझनाने मिळतं बाजारात." मी त्याला म्हटलं, तू कापडातलं बोल. तो म्हणाला, "बटण कापडालाच लावतात."

तेव्हा विदुषी, खुलासा कर. साचा बदललास का, की जिवाणूंना काही वेगळं खाऊ घालतेस? घाई नाही. म्हणजे आहे. मला आता काठी घेऊन जिना उतरता येतो, एवढीच बातमी माझ्याकडे आहे आणि ती सांगून संपली.

तुझा दादा


१९ जुलै

दादा,

हे पत्र फिटरकाका गावातल्या पोस्टात टाकतील. गेटवर देत नाही.

तुझा शिंपी बरोबर आहे.

तुझं एप्रिलचं पत्र आलं आणि मला हसू आलं. मग वाटलं, बघू तरी. एकवीस एप्रिलला, एकाहत्तराव्या दिवशी, टाकीतला थेंब बशीवर पसरला आणि दाण्यांना चिकटणारा रंग घातला. दिव्याखाली ज्यांच्या पोटात आपले दाणे ते केशरी दिसतात. शंभर ठिपके मोजले. बारा केशरी होते. बाकीचे अठ्ठ्याऐंशी नुसते जाडजूड, निरोगी, पांढरे.

त्याच सकाळी साहेबांकडे गेले. म्हटलं, टाकी थांबवून कुपीतून पुन्हा सुरू करू, आठवडा जाईल. ते म्हणाले, "आठवडा नाही जात ताई, दोनशे दिवस जातात. दोन दिवस सांभाळा, सावरेल." सांभाळायचं कसं हे त्यांनी सांगितलं नाही. फक्त साचा धुवायला जे साधं प्लास्टिक वापरतो त्याची गोणी दुपारी माझ्या हॉलमध्ये आली. भुकटी पांढरीच असते. रोजचा काटा पूर्ण भरेल इतकी, दोन फावडी, मी माझ्या हाताने टाकली. कोणी माझा हात धरला नव्हता. मला खरंच वाटलं, परवा सावरेल.

परवा फावडी तीन लागली. आता जवळजवळ सगळी गोणीच असते. तुला पाठवलेल्या बटणांत आमचं काहीच नव्हतं. तू मागितली होतीस. न पाठवणं म्हणजे सांगणंच झालं असतं. रोजच्या पत्रकाखाली माझी सही असते. आजची खोटी सही नव्वदावी. शेवटच्या दिवशी समिती नमुना नेईल, तो मार्चमधल्या खऱ्या मालाच्या गोणीतून द्यायचा आहे. ती साहेबांनी कुलुपात ठेवली आहे.

बोलले तर नव्वद माणसं घरी जातील. फिटरकाकांनी गावातली खोली सोडून बायकोला इथल्या क्वार्टरमध्ये आणलंय. काल त्या माझ्यासाठी डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या किड्यांना दृष्ट लागू नये." नाही बोलले, तर मोठा कारखाना उभा राहील आणि त्यातून काही निघणार नाही, आणि मग ती माणसं तेव्हा घरी जातील. हे मला दोन्हीकडून पाठ आहे. मधल्या खोलीत उभी असते, मागचं दार लागलेलं, पुढचं उघडायला एक बटण दाबायचं, आणि काही वेळा मी ते दाबतच नाही. परवा फिटरकाकांनी काचेवर टकटक केलं. "ताई, अडकलात काय?" मी म्हटलं, हो, बटण नीट चालत नाहीये. त्यांनी बिचाऱ्यांनी ते उघडून साफ केलं.

कागद काढ म्हणालास, पण मी काढला नाही. काढला तर काका विचारतील का काढला.

सगळ्यांत लाज तुझ्यासमोर वाटते. तू जन्मात कधी दुसऱ्याच्या पोथीत स्वतःचं अक्षर घातलं नाहीस. मी कोणासारखी झाले रे?

ठमी


२७ जुलै

चि. ठमे,

तक्रारीने सुरुवात करायची सवय आहे, म्हणून एक करून टाकतो: तू फार कोरड्या कागदावर लिहितेस, शाई पसरत नाही, त्यामुळे एकही शब्द वाचताना चुकल्याचा बहाणा करता आला नाही. झाली तक्रार.

शिंप्याने काडी ओढली तेव्हाच मला कळलं होतं. पत्रात मी वेड पांघरलं, कारण सरळ विचारलं असतं तर तू सरळ खोटं बोलली असतीस, आणि मग आपल्या दोघांनाही ते सांभाळत बसावं लागलं असतं. तेव्हा बटणाआडून विचारलं. क्षमा कर.

आता तुझा प्रश्न. कोणासारखी झालीस? सांगतो.

बावीस वर्षांपूर्वी मी ज्या पोथीचं संपादन केलं, तिची जगात एकच प्रत होती. चौथ्या अध्यायात कसर लागून एक भोक पडलं होतं, बरोबर बटणाएवढं. पान पातळ, मजकूर दाट. त्या भोकात एका श्लोकाची दुसरी ओळ गेली. पहिली ओळ दिव्याची होती. संपादकाचा नियम असा की गेलं ते गेलं म्हणून जागा रिकामी सोडावी, आणि स्वतःचं काही सुचवायचंच तर ते चौकटी कंसात टाकावं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे याच्या पदरचं आहे. मी एका दुपारी सहज जुळवून पाहिलं. वृत्तात बसलं. झाकणाचं मला सुचलं. मूळ कवीच्या दिव्याचं पुढे काय झालं, ते कसरीला माहीत.

गुरुजी तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मुद्रणाला जाण्याआधी मी त्यांना सगळी पोथी वाचून दाखवली. त्या श्लोकापाशी त्यांनी हात वर केला आणि तीनदा म्हणायला लावला. म्हणाले, "या एका श्लोकासाठी ही पोथी जगली." आता तिथे कंस कसा घालायचा, सांग. मी म्हटलं, नंतर घालू. आठ दिवसांनी गुरुजी गेले. ग्रंथ त्यांना अर्पण केला. कंस राहिला.

मग परीक्षकांनी नेमका तोच श्लोक उचलला. मग तो शाळेच्या पुस्तकात गेला. मग तू तो पाठ केलास आणि मला म्हणून दाखवलास, आठवतं? दोन वेण्या होत्या तुला, आणि तू म्हणालीस, "हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कसं सुचलं असेल, दादा?" मी म्हटलं, "तेव्हा माणसांना वेळ असे." शेवटी तो तुझ्या टाकीवर चढला. मी काढ म्हणालो ते विनयाने नव्हे.

मूळ पोथी नंतर ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरून लगदा झाली. त्या दिवशी मी हळहळ व्यक्त केली आणि घरी येऊन गाढ झोपलो. मला पकडू शकेल असं जगात काही उरलं नाही. मला वाटलं होतं, याला सुटका म्हणतात.

तुझं तसं नाही. तुझी कुपी अजून गोठलेली आहे. अजून बत्तीस दिवस आहेत. पुन्हा सुरू केलीस तर त्या दिवसांत टाकी भरून केशरी ठिपके होतील की नाही, ते तुला माहीत. मला एवढं कळतं की ज्याची मूळ प्रत शाबूत आहे त्याने चुकीच्या प्रतीवर मरू नये. समितीला तू लिही. साहेबांना एक दिवस आधी सांगून लिही, म्हणजे पाठीत वार केला असं होणार नाही. फिटरकाकांना मात्र समोर बसवून तोंडाने सांग. ते चिडतील. कदाचित तुझ्याशी बोलणार नाहीत. नव्वद माणसांचं काय होईल हे मला माहीत नाही, आणि ठीक होईल असं मी लिहिणार नाही. खोट्या ओळी मी एकदा लिहून चुकलो आहे. टाकी चालवायची बंद केल्यावर तुझी खोली गेली तर इथे ये. चौथा मजला आहे, पण दार एकच आहे.

लिफ्ट परवा सुरू झाली. तरी मी जिन्याने जातो. कारण सांगतो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी प्रकाशकांना पत्र लिहिलं. अर्धं पान झालं. चौथा अध्याय, अमुक श्लोक, दुसरी ओळ माझी आहे, पुढच्या आवृत्तीत कंस घाला आणि पाठ्यपुस्तकवाल्यांना कळवा. पाकीट बंद केलं, तिकीट लावलं. चार दिवस झाले. रोज सकाळी ते खिशात घालून चार मजले उतरतो, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभा राहतो, आणि चार मजले चढून परत येतो. शिंपी रोज विचारतो, "मास्तर, पेटीवर पहारा बसवलाय काय?" डॉक्टर म्हणतात गुडघा झपाट्याने सुधारतोय.

तुला लिहिताना मी थोरला भाऊ आहे, सगळं स्पष्ट दिसतं. पेटीसमोर उभा राहिलो की गुरुजींचा वर केलेला हात दिसतो. तुझ्या साहेबांची मला भीती नाही, समितीचीही नाही. तू घरी रिकाम्या हाताने आलीस तरी मला काही वाटणार नाही. मला काळजी एवढीच आहे की आज हे तुझं पत्र पेटीत पडेल, आणि दुसरं खिशात घेऊन मी परत जिना चढेन. उद्याही तसंच करेन. आणि तू माझीच बहीण आहेस.

दादा